बाईंचे तीन प्रश्न

बाल न्याय मंडळापुढे एखाद्या मुलाची बाजू घेऊन उभं राहायचं असलं, की त्याच्या आईला मी आधी तीन गोष्टी विचारतो. तेव्हा किती वाजले होते? त्याच्यासोबत कोण कोण होतं? आदल्या रात्री तो झोपला होता का? आई गोंधळते. वकील कलम सांगील, फी सांगील, जामिनाचं बोलेल, अशा तयारीने ती आलेली असते. माझे ज्युनिअरही सुरुवातीला बुचकळ्यात पडतात, कारण हे प्रश्न कुठल्या लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. मला ते सांगलीतल्या एका इंग्रजीच्या प्राध्यापिकेने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ शिकवताना शिकवले. आपण कायद्याचं काही शिकवतोय, हे तेव्हा त्यांच्याही गावी नव्हतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना खपलं नसतं. निवृत्तीच्या समारंभाला त्या तापाचं निमित्त सांगून आल्या नाहीत, आणि त्याच संध्याकाळी आम्हाला गणपती मंदिराजवळ भाजी घेताना दिसल्या. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. आजही आम्ही चार विद्यार्थी भेटलो आणि कुणी ‘बाई’ म्हटलं, की कुठल्या बाई ते विचारावं लागत नाही.

सांगलीत नाटक शिकवणं हे तसं धाडसाचंच काम. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच रंगभूमीवर आणलं, देवल शेजारच्या हरिपूरचे. त्यामुळे आमच्याकडे चहाच्या गाड्यावरच्या माणसालाही नाटकातलं कळतं. पोरं पहिल्याच तासाला सांगायची, बाई, ही गोष्ट माहीत आहे, ‘एक दूजे के लिए’ पाहिलाय. बाई म्हणायच्या, “बरं झालं. मग सांग, रोमिओ-ज्युलिएट पहिल्यांदा भेटल्यापासून मरेपर्यंत किती दिवस गेले?” कुणी सहा महिने म्हणे, कुणी वर्ष. बाई काही न बोलता फळ्याकडे वळत आणि पाच रकाने आखत. रविवार ते गुरुवार. गुरुवारचा रकाना मुद्दाम अरुंद असे, कारण गुरुवार उजाडतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

मग रकाने भरायला लागायच्या. रविवारी सकाळी नऊच्या आत भर रस्त्यात मारामारी. रात्री कॅप्युलेटच्या घरी मेजवानी, तिथे नजरानजर, आणि मग ती प्रसिद्ध गॅलरी. सोमवारी पहाटे रोमिओ फ्रायर लॉरेन्सच्या दारात. नऊला निघालेली दाई बाराला निरोप घेऊन परत. दुपारी गुपचूप लग्न. लग्नाला तासभर होतो न होतो तोच मर्क्युशिओ आणि टिबाल्ट दोघे मेलेले आणि नवरा मुलगा हद्दपार. त्याच रात्री कॅप्युलेट मुलगी पॅरिसला देऊन टाकतो. आज वार कोणता विचारतो, सोमवार आहे म्हटल्यावर बुधवारी फारच घाई होईल म्हणून गुरुवार धरतो. मंगळवारी पहाटे रोमिओ मांटुआला निघतो. मंगळवारीच ज्युलिएट वरकरणी होकार देते आणि म्हाताऱ्याला इतकं भरून येतं, की तो लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. बाई इथे खडू ठेवायच्या. “बघा. फ्रायरचं पत्र मांटुआला पोचायला जो वेळ होता, त्यातला एक दिवस ह्यानं खाल्ला. हा काही सोळा वर्षांचा नाही.”

रकान्यांच्या खाली त्या आणखी एक आडवी ओळ मारायच्या आणि तिला नाव द्यायच्या: झोप. रविवारी सूर्य उगवायच्या आधी बेनव्होलिओला रोमिओ झाडांच्या राईत एकटा भटकताना दिसला होता, तेव्हा शनिवारची रात्र गेली. रविवारची रात्र ज्युलिएटच्या गॅलरीखाली. पहाटे तोंड बघताच फ्रायर ओळखतो, की पोरगं अंथरुणाला पाठ न टेकता आलंय. सोमवारची रात्र तर लग्नाची. थेट मांटुआत पोचल्यावर तो झोपल्याचा पुरावा मिळतो, कारण तो स्वप्न सांगतो: मी मेलो होतो आणि तिने येऊन मला जिवंत केलं. चार रात्रींत एक झोप. त्या झोपेतून तो उठतो, ज्युलिएट गेल्याची बातमी ऐकतो आणि त्याच पावली विष शोधायला निघतो.

आम्ही वह्यांत उतरून घ्यायचो. प्रश्नपत्रिकेत यातलं काही येत नसे. तिथे नियती, ग्रहतारे, घराण्यांचं वैर यांवर टीप लिहायची असे, आणि तीही बाई लिहून द्यायच्या, पण अशा कंटाळलेल्या आवाजात की लिहिताना आम्हालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेक्सपिअरने ही गोष्ट उसनी घेतली होती. आर्थर ब्रुकची इंग्रजी कविता 1562 ची, आणि त्या आधी इटलीत बान्देल्लो. ब्रुककडे हे प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. लग्नानंतर दोघं बरेच दिवस चोरून भेटतात, मग टिबाल्ट मरतो. ब्रुकची मुलगी सोळाची, बान्देल्लोची अठराला टेकलेली. शेक्सपिअरने महिन्यांचे दिवस केले आणि मुलीला चौदाही पूर्ण होऊ दिले नाहीत. बाईंचं म्हणणं, सगळं नाटक ह्या दोन वजाबाक्यांत आहे. वय कमी केलं, वेळही कमी केला. आता बघा काय होतं ते.

आम्हाला तेरा वर्षांच्या नवरीचं फारसं काही वाटत नसे. आमच्या आज्या तेवढ्याच वयात आल्या होत्या. देवलांनी 1899 मध्ये ‘शारदा’ आणलं तेव्हा घरोघर हेच चाललं होतं. बाई सांगायच्या, लंडनच्या प्रेक्षकाला मात्र दचकायला झालं असणार. तिकडच्या साध्या घरांतल्या मुली विशी उलटल्यावर, बहुधा पंचविशीच्या आसपास लग्न करत. शेक्सपिअर स्वतः अठराव्या वर्षी सव्वीस वर्षांच्या अ‍ॅनशी लग्न करून मोकळा झाला होता, 1582 च्या नोव्हेंबरात, आणि पुढच्या मे महिन्यात सुझानाचा बाप्तिस्मा झाला. हिशेब तुम्हीच करा, असं म्हणून बाई क्षणभर थांबायच्या आणि मागच्या बाकांवरून खसखस पिकायची. मग सांगायच्या: हे नाटक लिहिलं गेलं 1595 च्या सुमाराला, तेव्हा सुझाना बारा-तेरा वर्षांची होती. त्या वयाची मुलगी कशी असते, हे ह्या माणसाला कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं.

ज्युलिएटचं वय नाटकात सांगते ती दाई. कसं सांगते? भूकंपावरून. भूकंपाला अकरा वर्षं झाली, त्या दिवशी मी हिचं दूध तोडलं, तेव्हा ही उभी राहत होती, पळत होती, आणि आदल्याच दिवशी पडून कपाळाला टेंगूळ आलं होतं. सांगलीच्या वर्गात हे समजावून सांगावं लागत नसे. डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपावरून आमच्याकडे निम्म्या पोरांची वयं ठरत. आता मी मंडळापुढे ऐकतो ते महापुरावरून: “दोन हजार पाचच्या पुरात ह्याला पाटीत घालून नेला साहेब, दात यायचे होते.” कायद्याला आधी शाळेचा दाखला लागतो, नाहीतर पालिकेचा जन्मदाखला, तोही नसला तर हाडांची तपासणी. पण आई असं सांगायला लागली की मला ती दाई आठवते आणि मी मध्ये बोलत नाही.

बाईंचं माझ्यावरचं ऋण मात्र बी.ए.च्या त्या वर्गाच्या आधीचं आहे. ज्या जूनमध्ये माझा बारावीचा निकाल लागला तेव्हाची गोष्ट. माझे वडील, आप्पा, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. निकाल बघून म्हणाले, उद्यापासून पेढीवर बसायचं. मला मुंबईला जायचं होतं. मुंबईत काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण दोन मित्रांपुढे मी जातो म्हणून बोलून बसलो होतो आणि ते दोघे एसटी स्टँडवर थांबले होते. एकाने तर तिकिटाचे पैसेही आणले होते. बाईंचं एक पुस्तक माझ्याकडे होतं. बाई कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायच्या आणि मागेल त्याला पुस्तकं द्यायच्या. जाताना ते देऊन जावं, म्हणून मी त्यांच्या दाराशी गेलो. साडेनऊ झाले असतील.

त्यांनी पुस्तक घेतलं, माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली आणि म्हणाल्या, “जेवलास का?” कुठे निघालास, का निघालास, काही नाही. पिठलं-भाकरी वाढली, वर ठेचा. मी जेवत असताना मागच्या बिऱ्हाडातल्या मुलाला सायकलवरून आमच्या घरी पाठवलं, आणि येताना स्टँडवर जाऊन त्या दोघांनाही घरी जायला सांग म्हणाल्या. मला हे कळलं तेव्हा माझं ताट संपत आलं होतं. मी उठायला लागलो तर उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा पुढे ठेवला. “बेरजा बघ माझ्या. रात्री मला आकडे नीट दिसत नाहीत. गाड्या काय, सकाळीही असतात.” मी बेरजा बघत बसलो. दोन ठिकाणी खरंच चुकल्या होत्या. त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या, सही केली. मग सतरंजी, वर गोधडी.

सकाळी आप्पा आले. पडवीत बसून चहा घेतला. बाईंनी हळदीचा भाव काय चाललाय ते विचारलं, आप्पांनी सांगितलं, पाऊस लांबला तर काय होईल तेही सांगितलं. माझा विषय निघालाच नाही. घरी जाताना वाटेत आप्पा एवढंच म्हणाले, “पेढी कुठं पळून जात नाही. कॉलेजाचा फॉर्म भरायचा तर भर.” मी बी.ए.ला बाईंच्या वर्गात बसलो, पुढे एलएल.बी. केलं. मुंबईला गेलो ते हायकोर्टाच्या कामांना. त्या रात्रीबद्दल बाई आणि मी बरीच वर्षं काही बोललो नाही. एकदा सहज विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “अरे, रात्री साडेनऊला पुस्तक परत करायला कुणी येतं का?”

निवृत्तीनंतर बाईंच्या पडवीत रविवारी दुपारी नाट्यवाचन चाले. पाच-सात माणसं, चिवडा, दोनदा चहा. मिरजेचे एक मनोविकारतज्ज्ञ त्यात नेमाने यायचे. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना राजाच्या भूमिका हव्या असत. पाडगांवकरांचा मराठी ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ वाचायला घेतला, तेव्हा त्यांचं आणि बाईंचं जे भांडण जुंपलं ते पुढचे कित्येक रविवार चाललं. माझ्यावर जे दुसरं ऋण आहे, ते त्या भांडणाचं.

डॉक्टर सांगत होते ते तेव्हा नवीन होतं. अमेरिकेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 पासून त्याच त्या मुलांच्या मेंदूंची एमआरआयने पुन्हापुन्हा चित्रं काढली आणि 1999 मध्ये जे छापलं, त्याने एक समज मोडला: मेंदूचं बांधकाम लहानपणीच संपतं, हा. कपाळामागच्या भागातला करडा थर अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढत जातो आणि मग वयात येताना पातळ होऊ लागतो. बिनवापराचे जोड छाटले जातात, राहिलेल्या तंतूंवर चरबीचं आवरण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम मागून पुढे सरकतं. बघणं, हालचाल करणं यांचे भाग आधी पुरे होतात, थांबून तोलून बघायचा भाग सगळ्यांत शेवटी. मजा, बक्षीस, कौतुक यांना भुलणारा भाग मात्र वयात येतानाच खडबडून जागा होतो. “म्हणजे बुलेटचं इंजिन दारात आलंय बाई,” डॉक्टर म्हणाले, “आणि ब्रेक अजून गॅरेजात आहेत.”

“मग बेनव्होलिओचे ब्रेक कुणी बसवून दिले?” बाईंनी विचारलं. “तोही त्यांच्यातलाच. तो पहिल्यापासून सांगतोय, ऊन आहे, डोकी तापलीत, घरी चला.”

डॉक्टर हसले. सरासरी वेगळी आणि माणूस वेगळा, हे त्यांनी कबूल केलं. मग बाईंनी पुस्तक उघडून ज्युलिएटचं गुंगीचं औषध घेण्याआधीचं भाषण काढलं. तेरा वर्षांची मुलगी खोलीत एकटी आहे. आपण घेतोय ते औषध लागू पडलं नाही तर? फ्रायरने आपलं पाप झाकायला खरंच विष दिलं असेल तर? तो यायच्या आधी जाग आली आणि तळघरात गुदमरले तर? एकेक शक्यता ती उलटसुलट करून बघते. “ह्याला तुम्ही उतावळेपणा म्हणता? मी एवढा विचार करून बँकेत एफडीसुद्धा ठेवलेली नाही.”

इथे डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या कामाचं निघालं. शांत खोलीत, पुरेसा वेळ देऊन, एकट्याला विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगा जवळपास मोठ्या माणसाइतकाच नीट तर्क करतो. त्याची गफलत होते ती डोकं तापलेलं असताना, आणि सर्वांत जास्त होते ती बरोबरीची पोरं बघत असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एक प्रयोग छापला होता. पडद्यावर गाडी चालवायची, दिवा कधीही लाल होईल, जितकं पुढे जाल तितके गुण जास्त. एकेकटं बसवलं तर तेरा ते सोळाची मुलं आणि मोठी माणसं यांत फार अंतर दिसत नव्हतं. मागे दोन मित्र उभे केले, की मुलं सुसाट सुटत. चोविशीच्या पुढच्या माणसांना मित्र असले काय, नसले काय, सारखंच.

बाई थोडा वेळ पानं चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिसरा अंक, पहिला प्रवेश वाचा.” आम्ही वाचला. वेरोनाचा चौक, भर दुपार, दोन्हीकडची पोरं जमलेली. टिबाल्ट रोमिओला शिवी देतो आणि रोमिओ भांडत नाही. हे विसरायला होतं. तासाभरापूर्वी लग्न होऊन टिबाल्ट त्याचा नातेवाईक झालाय, आणि तो चक्क नमतं घेतो, पुन्हापुन्हा घेतो. मित्रांना ते बघवत नाही. मर्क्युशिओ त्याच्या वतीने तलवार उपसतो, रोमिओ मध्ये पडतो, त्याच्या हाताखालून वार होतो, मर्क्युशिओ मरतो. आणि मग रोमिओ आपल्याला ह्या प्रेमाने बायकी केलं असं म्हणत टिबाल्टवर धावून जातो. “ह्याला ब्रेक होते डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “लागलेही होते. चौकातल्या माणसांनी ते काढून घेतले.”

“मी तेच सांगतोय,” डॉक्टर म्हणाले.

“नाही, तुम्ही मेंदूचं सांगताय. मी चौकाचं सांगतेय.”

पुढच्या रविवारी बाई ‘द विंटर्स टेल’ घेऊन बसल्या होत्या. त्यातला म्हातारा मेंढपाळ वैतागून म्हणतो, की दहा ते तेवीस हे वय मुळी नसतंच तर बरं, पोरांनी ते झोपून काढावं. ह्या काळात भानगडी, चोऱ्या, मारामाऱ्या यांपलीकडे काही होत नाही. “तुमच्या एमआरआयच्या चारशे वर्षं आधी,” बाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, “तेवीस? आमचे लोक पंचवीस म्हणतात.” आणि मग स्वतःच सांगितलं, की पंचवीस हाही काही वाढदिवसाला फिरणारा काटा नव्हे. मेंदू त्यानंतरही बदलत राहतो, कुणाचा लवकर स्थिरावतो, कुणाचा उशिरा. वर्तमानपत्रांना एक आकडा लागतो म्हणून तो रुळला. झोपेच्या ओळीवर मात्र दोघांचं एकमत झालं. वयात आलेल्या मुलांच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, आणि झोप बुडाली की आधीच उशिरा पिकणारा तो पुढचा भाग सगळ्यांत आधी ढेपाळतो. बाईंनी फळ्यावर काढलेली ती ओळ मी डॉक्टरांना वहीत दाखवली. त्यांनी ती झेरॉक्स करून नेली.

ह्या भांडणाचा निकाल, माझ्या मते, फ्रायरच्या कोठडीत लागला. तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश आम्ही फारसा गंभीरपणे घेत नव्हतो. रोमिओ जमिनीवर लोळून रडतो, ते जरा अतिच वाटायचं. हद्दपारी झाली आहे, ज्युलिएट ‘टिबाल्ट, टिबाल्ट’ करत रडतेय असं दाई सांगते आणि रोमिओ स्वतःवर खंजीर उगारतो. तो तिथे मरत नाही. हातातलं शस्त्र जातं, आणि फ्रायर त्याला झापायला सुरुवात करतो. झापून झाल्यावर मोजायला लावतो: ज्युलिएट जिवंत आहे, टिबाल्ट तुला मारणार होता, तो गेला, तू आहेस, कायद्याने मरणाच्या जागी हद्दपारी दिली. मग लगेच काम सांगतो. आज रात्री तिच्याकडे जा, पहारा बसायच्या आत नीघ, मांटुआत राहा, मी निरोप पाठवीन. दाई तिथेच उभी राहून म्हणते, असा उपदेश ऐकत मी रात्रभर थांबले असते. ती हसवायला म्हणते, पण तीही खोलीत आहे, हे महत्त्वाचं.

थडग्यापाशी कोणी नाही. बाल्थझारने बातमी आणली तेव्हाच तो, घाई करू नका, असं विनवत होता; पण तो नोकर, आणि थडग्याच्या दारात रोमिओने त्याला जिवाची धमकी देऊन घालवलं. फ्रायरचं पत्र पोचलंच नाही, कारण ते नेणारा फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून एका घरात अडकवला गेला. लॉरेन्स स्वतः काही मिनिटं उशिरा पोचतो. आणि पोचल्यावरही, ज्युलिएट जागी झालेली असताना, बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज ऐकून तिला एकटी टाकून पळतो.

बाई म्हणाल्या, “मेंदू कच्चा होता हे दोन्हीकडे खरं. कोठडीत तो जगला, थडग्यात मेला. मग जो फरक पडला तो मेंदूचा कसा?” डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. चिवड्याची वाटी पुढे केली. पुढे त्यांनी मला सांगितलं, की दवाखान्यात येणाऱ्या आईबापांना ते हे दोन प्रवेश गोष्टीसारखे सांगतात, शेक्सपिअरचं नाव न घेता.

बाल न्याय कायदा 2015 मध्ये नवा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम 15 खाली मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता किती, परिणाम कळण्याची कुवत किती, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. त्यावरून त्याला प्रौढासारखा चालवायचा का ते ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं, की हे नाजूक काम आहे आणि मंडळात त्या विषयाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. तज्ज्ञ म्हणून ते डॉक्टर पुढे एकदोनदा आमच्याच प्रकरणांत आले.

एका मुलाचं सांगतो. ओळख सांगायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. विसर्जनाची मिरवणूक, मंडळाच्या दोन गटांत बाचाबाची, एकाच्या डोक्यात वार. डॉक्टरांच्या खोलीत, पंख्याखाली, मुलाने सगळी उत्तरं चोख दिली. वार कुठे बसला तर माणूस मरतो? माहीत आहे. मेल्यावर काय होतं? तुरुंग. तुझ्या घरच्यांचं काय होईल? तेही माहीत आहे. ह्या उत्तरांवरून तो पुरता जाणता ठरला असता. मग मी बाईंचे तीन प्रश्न विचारले. पहाटेचे अडीच. सोबत आठ-दहा पोरं, “सोडू नको” म्हणून ओरडणारी. आणि त्या आधीच्या दोन रात्री तो मांडवात राखणीला जागा होता. डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, की माझ्या खोलीत मोजलेली कुवत ही माझ्या खोलीतली आहे. घटनास्थळी ती तेवढीच होती असं मी म्हणू शकत नाही. बाल न्याय मंडळाने त्याला बालक म्हणूनच चालवलं. सरकारी बाजूने चांगला युक्तिवाद झाला होता, आणि ज्याच्या डोक्यात वार बसला त्याचा बाप शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ते मला समजतं. तीन प्रश्नांनी त्याचं दुःख कमी होत नाही.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. हे प्रकरण त्यांना सांगायचं राहिलं. ऐकून त्यांनी वादच घातला असता. म्हणून जी फिर्याद त्यांनी मला वर्गात अर्धीच सांगितली, ती मी वकील म्हणून पुरी करून ठेवतो. घटना आजच्या महाराष्ट्रात घडली असं धरू. रोमिओने टिबाल्टला मारलं. त्याचं वय नाटकात कुठेच नाही, तेव्हा आधी दाखला मागू. अठराच्या आतला निघाला तर भर दुपारचा चौक, सभोवतीचे मित्र आणि दोन जागलेल्या रात्री, एवढ्यावर मी त्याला प्रौढ म्हणून चालवू देणार नाही. फ्रायर लॉरेन्स: चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीचं लग्न लावलं, बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006, कलम 10, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कॅप्युलेट: दुसरं लग्न ठरवलं, ते एक दिवस अलीकडेही ओढलं, मुलगी बोहल्यावर चढायच्या आत निपचित सापडली म्हणून तो कलम 11 मधून कदाचित सुटेल, आणि सुटला तर त्याचं मला वाईट वाटेल. ज्युलिएटवर कसलाच आरोप नाही. दाईला मी आरोपी करणार नाही, जरी शेवटी तिने पोरीला पॅरिसशी लग्न कर म्हणून सांगितलं. मला ती साक्षीला हवी आहे. मुलीच्या वयाचा एवढा पक्का पुरावा दुसऱ्या कुणाकडे नाही.